शिक्र्याला हाकलू का? पोपट, त्यांचे शिकारी आणि आवारातली ढोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला तुमच्या सोसायटीच्या आवारात जुना रेन ट्री आहे, त्याच्या एका वठलेल्या फांदीत पोपटाची ढोली, दोन महिने घरातले सगळे खिडकीतून बघताय, आणि गेल्या रविवारी सकाळी ढोलीतून पहिल्यांदाच बाहेर पडलेलं पिल्लू तुमच्या डोळ्यांदेखत शिक्र्याने उचललं. अजून दोन पिल्लं आत आहेत. शिक्र्याला फटाके लावून हाकलावं का, झाडाला जाळी मारावी का असं विचारताय, आणि तुमच्या आई म्हणतायत की राहिलेली दोन काढून घरी आणू, निदान जगतील तरी. शिवाय रानातल्या पोपटाला एकूण शत्रू कोण कोण ते पण हवंय.

तिन्हीचं उत्तर नाही असंच आहे, फटाके नकोत, जाळी नको, पिल्लं घरी तर अजिबातच नकोत. पण नुसतं नाही म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाहीये हा, कारण तुम्हाला वाईट वाटलंय ते खरंच वाईट आहे. मी बावीस वर्षं बोरिवलीपासून भांडुपपर्यंत पक्ष्यांच्या रेस्क्यूचं काम करते, त्याआधीपासून पोपट बघतेय, आणि तरी अजूनही शिक्र्याच्या पंजात हिरवं पिल्लू दिसलं की पोटात कालवतं. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, सवडीने वाचा.

आधी शिक्र्याचं बघू. शिक्रा म्हणजे काही गरुड नाही हो, कबुतराएवढा पक्षी, त्यातला नर तर आणखी लहान, वजनाला आपल्या पोपटाच्या आसपासच. त्याचं रोजचं खाणं म्हणजे सरडे, पाली, उंदीर, चिमण्या, मोठे किडे. धडधाकट पोपट धरणं त्याला परवडत नाही, एकतर पोपट उडतो बाणासारखा सरळ आणि जोरात, आणि धरलाच तर ती चोच. ज्यांनी जखमी पोपट हातात धरलाय त्यांना विचारा, माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. म्हणून शिक्रा वाट बघतो पहिल्या दिवसाच्या पिल्लाची. शेपटी अजून आखूड, उडता येतं पण उतरता येत नाही, फांदीवर बसायला जातं आणि घसरतं, मग तिथेच बसून मोठमोठ्याने ओरडत राहतं. शिक्रा तेव्हा पानांच्या आड अर्धा अर्धा तास हलत पण नाही. आणि एक लक्षात घ्या, शिक्र्याची वीण पण याच उन्हाळ्याच्या दिवसांत असते. तुमच्या आवारातून गेलेलं पिल्लू कुठल्यातरी आंब्याच्या नाहीतर निलगिरीच्या शेंड्यावरच्या काटक्यांच्या घरट्यात गेलंय, तिथे पण दोन-तीन पांढरी पिल्लं चोच वासून बसलेली असणार.

बरं, तुमचे पोपट नेमके कुठले ते बघून ठेवा. बहुतेक साधा कंठवाला पोपट असेल, राघू म्हणतो तो, नराच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ. खांद्यावर लाल डाग दिसला आणि अंगाने चांगलाच थोराड असेल तर तो करण पोपट, ज्याला लोक पहाडी पोपट म्हणतात. तो पण मुंबईत आहे, भायखळ्याच्या राणीबागेकडे जुन्या झाडांवर बघायला मिळतो, आणि तो जगभरात कमी होत चाललाय, संकटाजवळ पोचलेल्या जातींमध्ये त्याचं नाव आहे. कंठवाल्याचं तसं नाही, जगाच्या हिशोबाने तो सुरक्षित आहे. तुमच्याकडे नॅशनल पार्क जवळ आहे तर जांभळट डोक्याचा तुईया पण येत असेल, पण तो सोसायटीत घर करत नाही सहसा.

आता मोठ्या पोपटाला हवेत कोण धरतं? खरं सांगायचं तर फार थोडे. हिवाळ्यात बहिरी ससाणा येतो, त्याला मुंबईचे उंच टॉवर म्हणजे कडेकपारीच वाटतात, तिथून तो वरून सूर मारतो तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. परळला एका टॉवरच्या विसाव्या मजल्यावरून मी हे एकदा अगदी समोरून बघितलंय. संध्याकाळी पोपट थव्याथव्याने रात्रीच्या झाडाकडे परत जात होते, दहा-बाराचा एक थवा आमच्या खालून चालला होता, नेहमीचा तो कीऽक कीऽक कलकलाट, आणि एकदम आवाज बंद. सगळ्यांनी एका क्षणात खाली झेप घेतली, जसं कोणी चादर झटकावी तसा तो थवा वळला आणि वडाच्या झाडात शिरला. ससाणा वरून येऊन रिकाम्या हवेतून निघून गेला. वडाकडे बघितलं तर एक पोपट दिसेना. बारा पोपट त्या झाडात होते, मला पक्कं माहीत होतं, दुर्बीण लावली तरी पानं कुठली आणि पोपट कुठला कळेना. पाच-सात मिनिटं अशी गेली, मग एकाने हळूच आवाज काढला आणि मग सगळे परत सुरू.

तर मोठ्या पोपटाचं संरक्षण हे आहे, हिरवा रंग, गप्प बसणं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेले डोळे ज्यांना जवळपास चहूबाजूंचं दिसतं, आणि थवा. एक खात असतो तेव्हा दुसऱ्याची मान वर असते. त्यातून ससाण्याला जो मिळतो तो बहुतेक आजारी, म्हातारा नाहीतर थव्यातून चुकलेला. घार तर उगाच बदनाम आहे, ती मुख्यतः मेलेलं आणि कचऱ्यातलं खाते, खाली पडलेलं पिल्लू उचलेल, पण उडत्या पोपटामागे ती लागत नाही. रात्री गव्हाणी घुबड अधूनमधून झोपलेला पक्षी उचलतं. दादरला एका जुन्या चाळीच्या पाण्याच्या टाकीमागे घुबडाची जोडी होती, तिथे खाली पडलेल्या त्यांच्या ओकलेल्या गोळ्या मी दोन वर्षं गोळा करून पाण्यात भिजवून सोडवून बघायचे, गोळी फोडली की केसांच्या लगद्यात हाडं मिळतात ना त्यावरून काय खाल्लं ते कळतं. उंदीर, उंदीर, घुशीची पिल्लं, चिचुंद्री, परत उंदीर. इतक्या गोळ्यांत पोपटाची वाकडी चोच मला एकदाच सापडली.

मग पोपट मरतात कुठे? ढोलीत. हे जर तुमच्या लक्षात राहिलं ना, तर बाकीचं नाही राहिलं तरी चालेल. पोपटाचा सगळ्यात मोठा धोका त्याच्या घराच्या दारात येऊन उभा असतो, आणि तो पण वर्षातले तीन-साडेतीन महिने.

हिशोब करा. मादी चार-पाच अंडी घालते, ती बावीस-चोवीस दिवस उबवते, त्या काळात ती क्वचितच बाहेर पडते, नर बाहेरून खाणं आणून तिला भरवतो. नंतर पिल्लं साधारण सात आठवडे आत. सुरुवातीला तर ती आंधळी, बिनपिसांची, गुलाबी गोळेच असतात. एवढे सगळे दिवस एकाच जागी, एकच दार, मागचं दार नाही. जो शिकारी त्या दारातून आत शिरू शकतो त्याला सगळं कुटुंब मिळतं, आणि उबवणीच्या वेळेला आला तर मादी पण.

आरेमध्ये पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मेलेला ताड होता, शेंडा गळून गेलेला नुसता खांब, वरच्या भागात पोपटाची ढोली. दुपारी अडीचचा सुमार, ऊन मी म्हणत होतं, आणि तिथला गवळ्याचा मुलगा पळत आला, ताई तिकडे पोपट वेड्यासारखे करतायत. जाऊन बघते तर धामण. चांगली सात फुटांची. आपल्याला वाटतं साप जमिनीवरचा प्राणी, पण धामण झाडावर सहज चढते, त्या ताडाच्या जुन्या खाचांमध्ये अंग अडकवत अडकवत ती इतक्या शांतपणे वर चालली होती की बघत राहावं. मादी ढोलीच्या तोंडाशी उलटी लटकून पंख पसरून किंचाळत होती, नर वरून गिरक्या घेऊन सापाच्या पाठीवर झेपावत होता, शेजारच्या झाडांवरचे आणखी पाच-सहा पोपट आले, साळुंक्या आल्या, बुलबुल आले, एकच गोंधळ. धामण दारापाशी पोचली, डोकं आत घातलं, आणि मग आतून तो आवाज आला, पिल्लांचा घर्रर्र असा घसा खरवडल्यासारखा आवाज, पोपटाची पिल्लं घाबरली की तसा काढतात. त्यानंतर आवाज थांबला. धामण अर्धी आत अर्धी बाहेर अशी पाऊण तास होती. मुलगा म्हणाला, ताई दगड मारू? मी नको म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मला आजही वाटतं की मी बरोबर होते, आणि ते घर्रर्र पण आजही आठवतं.

धामणीसारखंच काम घोरपड करते, तिच्या नख्या म्हणजे गळच, नॅशनल पार्कच्या कडेला तिला झाडावर ढोल्या हुंगत फिरताना बघितलंय. रात्री उदमांजर. माकडं तर ढोलीत हात घालून बघतात, काय लागतं हाताला ते. शहरात उंदीर. खार अंडी फोडते हे पण लोकांना खरं वाटत नाही. आणि कावळा, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

एवढे सगळे असताना पोपट उरले कसे मग? तर चांगल्या ढोलीमुळे. चांगली ढोली म्हणजे तोंड एवढंच की मादी अंग चोरून कशीबशी आत जाईल, आणि खोली एवढी की कावळ्याची चोच नाहीतर माकडाचा हात तळापर्यंत पोचणार नाही. पोपट स्वतः कोरी ढोली कोरत नाहीत फारसे, तांबट किंवा सुतार पक्ष्याने कोरलेलं जुनं भोक घेतात आणि चोचीने कुरतडून मोठं करतात, नाहीतर फांदी मोडून कुजलेली जागा. एखादी चांगली ढोली मिळाली की वर्षानुवर्षं वापरतात. आणि अशी ढोली व्हायला झाड जुनं लागतं, त्याची एखादी फांदी मेलेली लागते. नेमकी तीच फांदी आपण कापतो.

ढोलीच्या खोलीने किती फरक पडतो याचं एक उदाहरण मला फार आवडतं, ते पोर्तो रिकोचं आहे. तिथला हिरवा पोपट जंगलतोड, पिल्लांची धरपकड आणि वादळं यांनी इतका कमी झाला की १९७५ मध्ये रानात फक्त १३ उरले होते. त्यात आणखी एक थ्रॅशर नावाचा पक्षी, आपल्या साळुंकीपेक्षा थोडा मोठा, ढोल्या बळकावायचा, अंडी-पिल्लं मारायचा. तिथल्या लोकांनी थ्रॅशर मारत बसण्यापेक्षा खोल, आतून अंधारी अशा पेट्या लावल्या. ज्या ढोलीचा तळ दिसत नाही तिच्यात थ्रॅशर शिरायला बघत नाही, पोपट मात्र खुशाल शिरतो. शिकारी तोच, पोपट तोच, नुसतं घर बदललं.

आणि उलटं उदाहरण टास्मानियाचं. तिथे स्विफ्ट पॅरट नावाचा छोटा पोपट आहे, त्याच्या ढोलीत रात्री शुगर ग्लायडर शिरतो, तो आपल्या उडत्या खारीसारखा दिसणारा तळहाताएवढा प्राणी. अंडी खातोच, पण अंड्यांवर बसलेली मादी पण मारतो. त्यामुळे माद्या कमी आणि नर जास्त असं होऊन बसलंय. हा ग्लायडर मूळचा टास्मानियाचा नाही, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून माणसाने नेलेला. जवळच्या ज्या बेटांवर ग्लायडर नाही तिथे तेच पोपट पिल्लं नीट वाढवतात.

न्यूझीलंडचा काकापो तर सगळ्यांना व्हिडिओवरून माहीत असतो, तो न उडणारा लठ्ठ पोपट. त्याचे जुने शत्रू म्हणजे डोळ्यांनी शिकार शोधणारे मोठे शिकारी पक्षी, म्हणून तो शिकला काय, तर संकट आलं की पुतळ्यासारखं थिजायचं. रंग शेवाळासारखा, हलला नाही की दिसत नाही. मग माणसं उंदीर-मांजरं घेऊन आली, आणि १८८० च्या दशकात ससे वाढले म्हणून स्टोट नावाचा मुंगसासारखा प्राणी आणून सोडला. हे बरेचसे वासावर शिकार शोधतात. काकापोला अंगाचा चांगला ठसठशीत वास असतो, आणि तो बिचारा थिजून बसलेला. १९९५ मध्ये ५१ उरले होते. शिकारी हटवलेल्या बेटांवर नेऊन, एकेका घरट्यावर माणूस बसवून, २०२२ पर्यंत कुठे अडीचशेच्या घरात आले.

म्हणजे मूळचा शिकारी पोपटाला संपवत नाही, पोपट त्याच्याबरोबर हजारो वर्षं राहिलेला असतो, त्याला त्याच्या सगळ्या खोड्या माहीत असतात. संपवतो तो माणसाने आणलेला, माणसाने पोसलेला, नाहीतर माणसाने दार उघडून दिलेला. (पोपट सगळीकडे गरीब बिचाराच असतो असंही नाही बरं का. आपलाच कंठवाला पिंजऱ्यातून सुटून युरोपात पसरलाय, आणि स्पेनमध्ये सेव्हिलच्या एका बागेत तो मोठ्या वटवाघळांना ढोल्यांतून हुसकावतो, चावून मारतो सुद्धा. ढोलीसाठी भांडण म्हटलं की तो काही कमी नाही.)

आता हे मुंबईला लावून बघा. शिक्रा, धामण, घोरपड, ससाणा हे पोपटाचे जुने सोबती आहेत. तुमचा शिक्रा हाकलून काय होईल, तो शेजारच्या आवारात जाईल, आणि फटाक्यांनी तुमचे पोपटच आधी ढोली सोडतील, मादी उडून गेली आणि दोन तास परत आली नाही तर पिल्लं उपाशी. जाळीचं तर बोलूच नका, जाळीत अडकलेले पक्षी मी कात्रीने सोडवलेत, त्यात पोपट पण होते आणि एकदा शिक्राच होता.

कावळा मात्र वेगळा. कावळा काय आपला नाही असं नाही, तो पण इथलाच, पण एवढे कावळे हे आपल्या कचऱ्यावर पोसलेले आहेत. उघडा कचरा, मच्छी मार्केटच्या मागचा घाण ढीग, खिडकीत रोज टाकलेली पोळी. कावळे दोघं-तिघं मिळून येतात, एक मादीला डिवचून बाहेर काढतो, दुसरा ढोलीत चोच घालतो. खोल ढोली असेल तर हात हलवत परत जातात. उथळ असेल तर संपलं. आणि जुनी झाडं गेल्यामुळे आता पोपट उथळ जागा घेतात, भिंतीतलं भोक, एसीच्या पाइपसाठी पाडलेली जागा, अर्धवट कुजलेली नारळाची खोडं. तीच गोष्ट मांजरांची. आवारातली मांजरं मी पण खायला घालते, त्यांच्यावर राग नाही, पण पिल्लं बाहेर पडायचे ते दोन-तीन आठवडे मांजरांचं खाणं त्या झाडापासून लांब, दुसऱ्या गेटला ठेवायचं आणि पहाटे लवकर घालायचं, पोट भरलेलं असलं की निदान सकाळची वेळ टळते.

पण या सगळ्यांपेक्षा वाईट शिकारी दोन पायांचा आहे. मार्च ते मे हा पिल्लं चोरणाऱ्यांचा सीझन. दुपारी सगळे झोपलेले असताना येतात, कमरेला पिशवी, हातात छोटी कुऱ्हाड. ढोलीचं तोंड लहान म्हणून हात जात नाही तर ते फोडतात. एका मोठ्या कॉलनीत, नाव नको, ओळीने सहा झाडांच्या ढोल्या एका दुपारी फोडलेल्या मी बघितल्यात, खाली लाकडाचा ओला भुसा आणि त्यात पिसं फुटायच्या आधीच्या नळ्यांचे तुकडे. वॉचमन म्हणाला, माळी समजून आत सोडलं. धामण पिल्लं खाते पण ढोली तशीच ठेवून जाते, पुढच्या वर्षी तीच जोडी तिथेच परत घर करू शकते. चोर ढोलीच संपवतो. आणि विकत घेणारा असतो म्हणून चोर असतो हो. देशी पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं सगळंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, देशी पक्ष्यांचा व्यापार बंद होऊन तीस वर्षांच्या वर झाली, तरी पुठ्ठ्याच्या खोक्यात वीस-वीस पिल्लं कोंबलेली पकडली जातात, अर्धी मेलेली. मी उघडलेत असे खोके.

दुसरं म्हणजे पावसाळ्याआधीची छाटणी. एप्रिल-मे म्हणजे नेमकी पिल्लं ढोलीत असताना करवत चालते. दोन वर्षांपूर्वी एका कामगाराने फांदी खाली आल्यावर त्यातून तीन पिल्लं काढून माझ्या हातात ठेवली, त्याचेच डोळे भरून आले होते, म्हणाला ताई वरून काही दिसत नाही हो. त्यातलं एक जगलं. धोकादायक फांदी कापावीच लागते, माणसाच्या डोक्यावर पडून चालणार नाही, माझं त्याला काहीच म्हणणं नाही. पण जी फांदी कोणाच्या डोक्यावर नाही, आतल्या बाजूला आहे, ती मेलेली दिसते म्हणून कापू नका. तीच घर आहे.

आता आईंचं. आईंना सांगा की त्यांचा जीव तुटतोय ते मला कळतं, पण घरी आणलेलं पिल्लू जगलं तरी ते पोपट म्हणून जगत नाही. ढोलीतून निघाल्यावर आई-बाप काही आठवडे भरवतात, त्या काळात पिल्लू शिकतं की कुठल्या झाडाला शेंगा कधी येतात, कुठल्या आवाजाला गप्प बसायचं, वर काळा ठिपका दिसला तर कुठे शिरायचं. हे आपण शिकवू शकत नाही. माझ्याकडे लोक पाच-पाच वर्षं पिंजऱ्यात ठेवलेले पोपट आणून देतात, आता सोडा म्हणतात, आणि काही जण न विचारता टेरेसवरून सोडून मोकळे होतात. तसा एक गोरेगावात सोडलेला पोपट मला दुसऱ्या दिवशी मिळाला, पाण्याच्या टाकीवर बसून तो येणाऱ्या प्रत्येकाला मिठू मिठू म्हणत होता, छातीचे स्नायू सुकून हाड वर आलेलं, कावळ्यांनी पाठ फोडलेली. कावळा समोर आला तरी तो घाबरला नव्हता असं बघणारे म्हणाले. पोर्तो रिकोमध्ये पिंजऱ्यात वाढवलेले पोपट सोडायच्या आधी त्यांना ससाणा-गरुड म्हणजे काय ते मुद्दाम शिकवतात, खरा शिकारी पक्षी दाखवून सराव करून घेतात. एवढं करावं लागतं.

मग तुम्ही आज काय करायचं ते सांगते. ढोलीजवळ जाऊ नका, शिडी लावून बघू नका, मोबाईल काठीला बांधून आत घालू नका. खिडकीतून बघा. वॉचमनला सांगून ठेवा की कोणीही माळी, केबलवाला, छाटणीवाला त्या झाडापाशी जायच्या आधी तुम्हाला विचारायचं. सोसायटीला एक साधं पत्र द्या की ढोलीची फांदी जूनच्या मध्यापर्यंत कापू नये, झाड छाटायला तशीही परवानगी लागतेच, त्या अर्जात ढोली आहे हे लिहायला लावा. कचऱ्याचा डबा झाकणाचा. खोड एकटं असेल, शेजारच्या झाडाला फांद्या टेकत नसतील, तर मांजर आणि उंदरासाठी खोडाला माणसाच्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा हातभर रुंद पट्टा सैलसर गुंडाळता येतो, खिळे न मारता, आणि पावसाळ्यात काढायचा. फांद्या टेकत असतील तर त्याचा काही उपयोग नाही, वरून येतात.

राहिलेली दोन्ही एकदम निघणार नाहीत, अंडी दिवसाआड घातलेली असतात त्यामुळे पिल्लं मागेपुढे असतात. आधी ढोलीच्या तोंडात डोकं दिसेल, एक-दोन दिवस नुसतं बाहेर बघत बसेल. ज्या दिवशी निघेल त्या दिवशी खाली पडलं तर घाबरू नका, बहुतेक पडतातच. मांजर आणि कुत्रा लांब ठेवा, जाड टॉवेल टाकून उचला, चोचीपासून सांभाळून, आणि जवळच्या फांदीवर हात पोचेल तेवढ्या उंच ठेवा. फांदी नसेल तर वेताची टोपली बांधून तिच्यात. मग तिथून निघून जा, उभं राहू नका, तुम्ही उभे असाल तर आई-बाप उतरत नाहीत. दीड-दोन तास लांबून बघा. चोचीत पाणी घालू नका, श्वासनळीत जातं, दूध नको, पोळी नको, मिरची तर नकोच. मांजराचा दात लागला असेल, नुसता ओरखडा असला तरी, वाट बघू नका, त्या लाळेने पिल्लू दिवस-दोन दिवसांत जातं, त्याच तासात पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या व्हेटकडे न्या किंवा वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा. खोक्याला भोकं पाडून, अंधार करून, आत सुती फडकं.

शिक्रा परत येईल, त्याला जागा कळलीये. तो आला की साळुंक्या आणि खारी आधी ओरडतात, तो आवाज ओळखायला लागाल दोन दिवसांत. तेव्हा पोपटांकडे बघा, नर कुठे बसतो आणि पिल्लू ओरडायचं थांबतं का. पहिलं गेलं ते ओरडत राहिलं म्हणून गेलं असं तुम्हीच लिहिलंय. दुसऱ्याने तो सगळा प्रकार ढोलीच्या तोंडातून बघितलाय की नाही सांगता येत नाही, पण आई-बापांनी बघितलाय, आणि माझा अनुभव असा की एकदा पिल्लू गेलं की ती जोडी राहिलेल्यांना सकाळी उघड्या फांदीवर जास्त वेळ बसू देत नाही, सारखी हाका मारून दाट पानांत ओढते. शनिवारी सकाळी मी मुलुंडलाच आहे, सात वाजता आले तर चालेल का कळवा, दुर्बीण आणते, आईंना पण खाली घेऊन या.